एक्स्टसी गोळ्यांचा सीए रिपोर्ट: "एमडीएमए आहे" हे लॅबवाले नेमकं कशावरून ठरवतात?

बर्डीचा_ज्युनियर

नमस्कार मंडळी. नागपुरात ज्युनियर वकील आहे, सिनियरकडे एनडीपीएसची (अमली पदार्थांच्या कायद्याची) केस आली, रंगीत गोळ्यांची. सरांनी सीए रिपोर्ट (केमिकल ॲनालायझरचा, म्हणजे सरकारी लॅबचा तपासणी अहवाल) माझ्या टेबलावर ठेवला, "वाचून ठेव, उद्या मला समजावून सांग" म्हणाले अन निघून गेले हायकोर्टात. बारावीची केमिस्ट्री कशीबशी काढलेला माणूस मी, तेव्हापासून डोकं धरून बसलोय. केस कोणती, कोणाची ते विचारू नका, सांगणार नाही.

रिपोर्टात आहे काय तर मोजून चार ओळी. रंग चाचणी, टीएलसी, जीसी-एमएस व एफटीआयआर द्वारे परीक्षण केले असता नमुन्यात एमडीएमए आढळून आले, बस. आता पंचनाम्यात लिहिलंय की जागेवरच पोलिसांनी किटने तपासलं तेव्हा जांभळा-काळा रंग आला. मग रंग जागेवरच आला होता तर लॅबमध्ये हे चार प्रकार काऊन करतात? अन दुसरं म्हणजे पेपरात रोज एमडी पकडलं, एमडी पकडलं छापून येऊन राहिलं, ते अन हे एकच का? सर विचारतील तर मी काय सांगू? कोणी लॅबमधलं असेल तर जरा सोप्या भाषेत सांगा ना भाऊ.

मागच्या_बाकावरचा_एमएस्सी

भाऊ मी सिव्हिल लाईन्सच्या फॉरेन्सिक इन्स्टिट्यूटमध्ये शिकून राहिलो, परीक्षा पण जवळ आहे त्यामुळे माझी पण उजळणी होते.

आधी एमडीचं. पेपरातलं एमडी म्हणजे बहुतेक वेळा मेफेड्रोन, म्याऊ म्याऊ म्हणतात ते, पांढरी पूड. तुझ्या रिपोर्टातलं एमडीएमए वेगळं, एक्स्टसी म्हणतात ते, गोळीच्या रूपात जास्त येतं. नाव जवळचं आहे, रेणू पण लांबच्या नात्यातला आहे, पण एक नाही. मेफेड्रोन आपल्याकडे एनडीपीएसच्या यादीत फेब्रुवारी २०१५ ला आलं, एमडीएमए त्याच्या खूप आधीपासून आहे. एमडीएमए पहिल्यांदा बनवलं जर्मनीच्या मर्क कंपनीत, पेटंटचा अर्ज १९१२ चा, अन तेव्हा ते नशेसाठी नव्हतंच, दुसरं औषध बनवायच्या वाटेवरचा मधला पदार्थ होता.

आता रंगाचं. पोलिसांच्या किटमध्ये मुख्य असतं ते मार्क्विस रिएजंट, फॉर्माल्डिहाइड अन तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. १८९६ चं आहे ते, म्हणजे एमडीएमएपेक्षाही म्हातारं. एमडीएमए टाकलं की जांभळा होऊन काळ्याकडे जातो. पण त्याचा भाऊ एमडीए टाकलं तरी तसाच, दुसरा भाऊ एमडीईए टाकलं तरी तसाच. साधं ॲम्फेटामिन किंवा मेथ (मेथॅम्फेटामिन) असेल तर नारिंगी-तपकिरी, टू-सी-बी नावाचं दुसरं द्रव्य असेल तर पिवळं-हिरवं. म्हणून रंग फक्त घराणं सांगतो, माणूस सांगत नाही. आमचे सर म्हणतात सगळ्या टपऱ्यांवरची तर्री लालच दिसते, आत काय घातलं ते जिभेवर टेकल्यावर कळते 😄 (ॲसिडमधली गोळी जिभेवर टेकवू नका बे)

अन अजून एक, गोळीत साखर असेल तर तीव्र सल्फ्युरिकने ती पण हळूहळू करपून तपकिरी-काळी होते. गोळीवरचा रंगच गडद निळा-जांभळा असला तर अजून घोळ. म्हणून बाहेरचा थर खरवडून आतली पूड घेतात.

लॅबमध्ये पुढे सायमन टेस्ट करतात. सोडियम नायट्रोप्रुसाइड, ॲसिटाल्डिहाइड अन सोडियम कार्बोनेट. सेकंडरी अमाईन (नायट्रोजनला दोन कार्बनचे गट जोडलेले) असेल तर निळा. एमडीएमए निळं देतं, एमडीए देत नाही. झालं, दोन भाऊ वेगळे पडले. पण मेथ पण निळंच देतं, म्हणून मार्क्विस अन सायमन जोडीने वाचायचे. गॅलिक ॲसिडची पण एक टेस्ट आहे, रेणूच्या रिंगवर मिथिलीनडायऑक्सी हा गट असेल तर हिरवा येतो, ती आमच्याकडे कोणी फारशी करत नाही.

टीएलसीवाल्या_काकू

मुलाने छान लिहिलंय. मी बरीच वर्षं एका सरकारी लॅबमध्ये होते, आता निवृत्त आहे, नातवंडं झोपली की इथे डोकावते.

वकीलसाहेब, रंगाबद्दल एक गोष्ट राहिली, ती तुमच्या कामाची आहे. रंग न येणं हीसुद्धा माहितीच असते. पीएमए आणि पीएमएमए नावाची दोन द्रव्यं एक्स्टसी म्हणून विकली जातात, त्यांना मार्क्विसमध्ये जवळजवळ काहीच रंग येत नाही. आणि तीच जास्त घातक, कारण असर उशिरा चढतो, घेणाऱ्याला वाटतं गोळी हलकी आहे, तो दुसरी घेतो. परदेशात यात लोक मेलेत. पिपरॅझिन गटातली बीझेडपी, एमसीपीपी यांनाही मार्क्विसमध्ये रंग नाही. २००८ मध्ये कंबोडियात ३३ टन ससाफ्रास तेल नष्ट केलं, त्याच्यापासून एमडीएमएचा कच्चा माल करतात, त्यानंतर २००९ च्या सुमाराला युरोपात एक्स्टसीच्या गोळ्यांत एमडीएमए कमी आणि पिपरॅझिन जास्त अशी गत होती. गोळी तशीच गुळगुळीत, वरचा छापा तसाच. छाप्यावरून आत काय आहे ते कधीच ठरवायचं नाही, तरी छापा आम्ही टिपून ठेवतोच. व्यास, जाडी, वजन, मधली रेघ, दाबायच्या साच्याने (डायने) पडलेले ओरखडे, सगळं. एकाच मशीनवर दाबलेल्या गोळ्या त्या ओरखड्यांवरून जुळवता येतात, पण तो तपासाचा भाग झाला, ओळख पटवायचा नव्हे.

आता टीएलसी. सिलिकाची पातळ पट्टी, खाली थेंब, भांड्यात मिथेनॉल आणि तीव्र अमोनिया १०० ला दीड या प्रमाणात, द्रावण वर चढतं आणि प्रत्येक द्रव्य आपापल्या उंचीवर थांबतं. मग फवारा मारून डाग दिसतात. माझं आवडतं काम, आयुष्य त्यात गेलं, पण खरं सांगते, या पद्धतीत एमडीएमए आणि मेथ जवळजवळ एकाच उंचीवर थांबतात. टीएलसीचा खरा उपयोग दुसरा आहे, गोळीत एकच द्रव्य आहे का तीन आहेत ते पट्टीवर लगेच दिसतं. कॅफीन, केटामिन, पॅरासिटामॉल, काय काय घालतात हे लोक, देवालाच ठाऊक.

पक्कं नाव देतं ते जीसी-एमएस आणि एफटीआयआर. गोळी कुटायची, पाण्यात विरघळवायची, अमोनियाने पीएच १० च्या वर न्यायचा. म्हणजे अमाईन क्षाराच्या रूपातून सुटतं आणि वर घातलेल्या सेंद्रिय द्रावकात उतरतं, लॅक्टोज वगैरे भरणी पाण्यात राहते. त्या द्रावकाचा एक मायक्रोलिटर जीसीत. आत साधारण ३० मीटर लांबीची, पाव मिलिमीटर भोकाची नळी गुंडाळलेली असते, त्यातून द्रव्यं वेगवेगळ्या वेळेला बाहेर पडतात. ती वेळ म्हणजे रिटेन्शन टाइम. बाहेर पडल्यावर ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचा मारा, रेणू फुटतो आणि तुकड्यांची वजनं नोंदली जातात.

एमडीएमएचं सगळ्यात उंच शिखर ५८ ला. मग १३५ आणि ७७. रेणूचं स्वतःचं वजन १९३, तिथे जेमतेम एक रेघ. आता गंमत बघा. मेथॅम्फेटामिनचंही सगळ्यात उंच शिखर ५८ लाच, फक्त बाजूला ९१. पीएमएमएचंही ५८, बाजूला १२१. आणि त्या पेपरातल्या मेफेड्रोनचंसुद्धा ५८, बाजूला ११९ आणि ९१. कारण चौघांचं शेपूट एकच आहे, फुटताना तोच तुकडा सुटतो. कॉम्प्युटरने लायब्ररीतून जुळवून "मॅच ९०" दाखवलं म्हणून केमिस्टने डोळे मिटून सही करायची नसते, १३५ दिसतोय का ते बघायचं, आणि शुद्ध एमडीएमएचा स्टँडर्ड त्याच मशीनवर त्याच पद्धतीने चालवून रिटेन्शन टाइम जुळतो का तेही बघायचं. आधी कोरं द्रावक चालवून मशीन स्वच्छ होतं हेही दाखवता आलं पाहिजे, नाहीतर आधीच्या केसचा माल नळीत राहिलेला असायचा.

एमडीईए आणि एमबीडीबी (तेही याच घराण्यातलं) तर त्याहून छळतात. दोघांचं वजन २०७, दोघांचं उंच शिखर ७२. तिथे रिटेन्शन टाइम नाहीतर डेरिव्हेटायझेशन, म्हणजे दुसरं एक रसायन चिकटवून मग चालवणं, मग तुकडे वेगळे पडतात.

मागच्या_बाकावरचा_एमएस्सी

काकू एफटीआयआर पण सांगा ना, तेच पेपरात येते दरवर्षी 🙏

टीएलसीवाल्या_काकू

सांगते बाळा. एफटीआयआरमध्ये रेणू फुटत नाही, अवरक्त प्रकाशात त्याचे बंध कसे कंप पावतात ते बघायचं. म्हणून वजन सारखं, तुकडे सारखे पण अणूंची जागा वेगळी अशी द्रव्यं इथे पकडली जातात. एमडीएमएचाच २,३ जागेवरचा भाऊबंद मास स्पेक्ट्रममध्ये जवळजवळ तसाच दिसतो, आयआरमध्ये वेगळा. मेफेड्रोन तर इथे लगेच उघडं पडतं, त्याच्यात कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) आहे, आलेखावर १६९० च्या आसपास ठळक शिखर, एमडीएमएमध्ये तिथे काही नाही. एमडीएमएच्या हायड्रोक्लोराइडला १४९०, १२५०, १०४०, ९३० च्या आसपास बघायचं, त्यातली खालची मिथिलीनडायऑक्सीची.

अडचण एकच, गोळी जशीच्या तशी एटीआरवर (आयआर मशीनच्या स्फटिकावर) दाबली तर भरणीचा स्पेक्ट्रम वर येतो, लॅक्टोज आणि सेल्युलोज सगळं झाकून टाकतात. आधी वेगळं काढून घ्यावं लागतं. घाईत कोणी गोळी दाबून प्रिंट काढली असेल तर तो आलेख बघताक्षणी कळतो.

सदरचा_काळा_कोट

ज्युनियर साहेब, केमिस्ट्री काकू सांगून राहिल्या ती नीट वाचा, मी पैशाची गोष्ट सांगतो. नाव बदललं की वजनाची रेघ बदलते. एमडीएमएची कमर्शियल क्वांटिटी (व्यापारी प्रमाण, सगळ्यात कडक शिक्षेची रेघ) १० ग्रॅमच्या वर, मेफेड्रोनची ५० ग्रॅमच्या वर, मेथची पण ५० च्या वर. कमर्शियल लागलं की कमीत कमी १० वर्षं अन जामिनाला कलम ३७ आडवं. म्हणून "घराणं तेच आहे ना, काय फरक पडते" असं म्हणणारा वकील आपल्या पक्षकाराला बुडवते. २५० मिलीग्रॅमच्या ४१ गोळ्या एमडीएमए निघाल्या तर कमर्शियल, तेच मेफेड्रोन निघालं तर ५० च्या जवळपासही नाही. आता समजलं का काऊन चार टेस्ट?

अन गोळीतली भरणी वजा करायची का, हा प्रश्न सर नक्की विचारतील. आधी ई. मायकल राजचा निकाल होता, २००८ चा, त्यात फक्त शुद्ध मालाचं वजन धरायचे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी हिरा सिंगच्या निकालात तो बदलला, आता भरणीसकट पूर्ण वजन. त्यामुळे गोळीत एमडीएमए किती टक्के हे रिपोर्टात नसलं तरी शिक्षेचं गणित अडत नाही. माझ्या मते हे रसायनाच्या दृष्टीने विचित्रच आहे, ८० मिलीग्रॅमवाली गोळी अन १५० वाली गोळी एकाच तराजूत, पण कायदा आहे तो आहे.

हिंगण्याचा_बंटी

हे रंगाचं किट ऑनलाईन भेटते ना, घरी मागवून पोट्टे स्वतःच चेक करत असतील तर काय हरकत

टीएलसीवाल्या_काकू

हरकत अशी की वर एवढं लिहिलं ते तू वाचलं नाहीस. जांभळा रंग आला म्हणजे एमडीएमए कुटुंबातलं काहीतरी आहे एवढंच. किती मिलीग्रॅम आहे ते रंग सांगत नाही, आणि सोबत दुसरं काय आहे ते गडद रंगाखाली झाकलं जातं. जांभळा रंग देणाऱ्या गोळीत पीएमए थोडं मिसळलं असेल तर त्याबद्दल तुझं किट गप्प बसेल. युरोपात ९० च्या दशकात आणि त्यानंतर गोळीला ५०-८० मिलीग्रॅम असायचं, पुढे ते १२५ च्या आसपास गेलं, काही गोळ्यांत तर त्याच्या दुप्पट. रंग सगळ्यांचा एकच. शिवाय ते तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आहे, स्वयंपाकघरात ठेवायची वस्तू नाही.

बर्डीचा_ज्युनियर

काकू, दादा, एमएस्सी भाऊ, मनापासून आभार. वहीत उतरवून घेतलं सगळं. ५८ चं प्रकरण तर भारीच आहे, मला वाटलं मशीन नाव छापून देते.

आता एक राहिलं. समजा जप्ती १०० गोळ्यांची आहे, एका पिशवीत, सगळ्या एकसारख्या दिसणाऱ्या. लॅब सगळ्या शंभर तपासत नसणार ना. मग "सगळ्या एमडीएमए आहेत" असं कोणत्या तोंडाने म्हणतात? आमच्या सरांचा पहिला प्रश्न हाच राहील.

टीएलसीवाल्या_काकू

चांगला प्रश्न. जुनी पद्धत वर्गमुळाची, शंभर असल्या तर दहा काढा. सोपी आहे म्हणून टिकली, पण तिच्यामागे शक्यतेचं काही गणित नाही. संयुक्त राष्ट्रांच्या औषध विभागाने आणि युरोपातल्या लॅबच्या संघटनेने जी पद्धत मांडली ती हायपरजिओमेट्रिक. आधी ठरवायचं की मला काय म्हणायचंय. समजा "किमान ९० टक्के गोळ्यांत एमडीएमए आहे, आणि हे मी ९५ टक्के खात्रीने सांगते" असं म्हणायचं असेल, तर १०० गोळ्यांतून २३ तपासायच्या आणि सगळ्या २३ पॉझिटिव्ह आल्या पाहिजेत. १००० गोळ्या असतील तर २८. त्याच्यापुढे कितीही असोत, २९ च्या पुढे जात नाही. लोकांना हे पटत नाही, १० हजार गोळ्यांना २९ कशा पुरतात म्हणून, पण गणित तसंच आहे. फक्त "किमान निम्म्या" एवढंच म्हणायचं असेल तर पाच पुरतात.

पण हे सगळं कधी, तर गोळ्या खरंच एकसारख्या असतील तेव्हा. आधी त्या रंग, छापा, वजन, आकार यावरून वेगळ्या ढिगांत लावायच्या आणि प्रत्येक ढिगातून वेगळा नमुना. एका पिशवीत दोन प्रकारच्या गुलाबी गोळ्या असतात, भिंगाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि २३ गोळ्या एकत्र कुटून एकच चाचणी करायची ही चूक वेगळीच, त्यात एका गोळीतलं एमडीएमए बाकी २२ ना रंगवून टाकतं.

सदरचा_काळा_कोट

यात कायद्याची बाजू अशी, की लॅबपर्यंत सगळा माल जातोच असं नाही. एनडीपीएसच्या कलम ५२अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर नमुना काढायचा, मोहनलालच्या निकालाने २०१६ ला ते पक्कं केलं. मग डिसेंबर २०२२ मध्ये नवे नियम आले, त्यात गांजा, चरस, अफूसाठी २४ ग्रॅम अन बाकीच्यांना ५ ग्रॅम, दोन प्रतींत. एकसारखी पाकिटं असली अन किटचा रंग एकसारखा आला तर दहापर्यंत पाकिटांचा एक लॉट करता येते. म्हणजे बघा, जो रंग फक्त घराणं सांगतो म्हणता तुम्ही, त्याच्यावर लॉट पाडले जातात. म्हणून मी तर आधी पाहतो ते हेच, लॉट कसे पाडले, अन मॅजिस्ट्रेटच्या इन्व्हेंटरीत (मालाच्या यादीत) गोळ्यांचं वर्णन काय आहे. "गुलाबी गोळ्या" एवढंच आहे का छापा, वजन, रेघ पण लिहिली आहे.

त्यानंतर वजन जुळवायचं. जप्तीच्या वेळचं वजन, मॅजिस्ट्रेटसमोरचं वजन, लॅबने उघडल्यावरचं वजन. अन सीलचा ठसा फॉरवर्डिंग लेटरवरच्या ठशाशी जुळते का. अर्ध्या केसेस केमिस्ट्रीवर नाही, या चार कागदांवर हलतात.

बर्डीचा_ज्युनियर

दादा रिपोर्टात प्रति गोळी सरासरी वजन लिहिलेलं आहे, पंचनाम्यात फक्त एकूण वजन अन ते पण पिशवीसकट आहे की काय ते स्पष्ट नाही. ते धरून ठेवतो. अन आलेख काहीच जोडलेले नाहीत, फक्त निष्कर्ष. मागता येते का?

टीएलसीवाल्या_काकू

आलेख रिपोर्टाला सहसा जोडत नाहीत, पण लॅबच्या केस फाइलमध्ये असायला हवेत. वर्कशीट, टीएलसीची नोंद, कोऱ्या द्रावकाचा रन, स्टँडर्डचा रन, नमुन्याचा रन, आयआरची प्रिंट. सगळं तारखेसकट. मागाल तर ते नावानिशी मागा, "सर्व कागदपत्रे" असं मोघम लिहिलं तर मोघमच मिळतं. आणि मिळालं की आधी तारखा बघा, स्टँडर्ड त्याच दिवशी चालवला होता का. मग रिटेन्शन टाइम. मग १३५.

अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ गटाने, स्वगड्रग म्हणतात त्याला, चाचण्यांचे तीन वर्ग केलेत. अ वर्गात आयआर, मास, एनएमआर, रामन असे रचना सांगणारे. ब मध्ये जीसी, टीएलसी. क मध्ये रंग. त्यांचं म्हणणं, अ मधली एक असली तरी जोडीला दुसरी हवीच, वेगळ्या तत्त्वावरची. तुमच्या रिपोर्टात मास आणि आयआर दोन्ही आहेत, म्हणजे कागदावर तरी कमी काही नाही. नुसत्या रंग आणि टीएलसीवर नाव लिहिलं असतं तर मी स्वतः तुम्हाला म्हटलं असतं की लढा.

सदरचा_काळा_कोट

अन अर्ज करायचा तो कोर्टाला. सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट तज्ज्ञ न येताही पुराव्यात वाचता येतो, जुन्या सीआरपीसीचं २९३, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ३२९. पण कोर्टाला वाटलं तर बोलावता येते. नुसतं "तज्ज्ञाला बोलवा" म्हटलं तर अर्ज फेटाळते, काकूंनी सांगितलेले मुद्दे घालून लिहा की नेमकं काय विचारायचं आहे. सरांना सांगण्याआधी मसुदा इथे टाक, नावं काढून. मी रात्री पाहतो, आज सुनावणी उशिरापर्यंत आहे.